पत्त्याच्या रकान्यात

१

सकाळी साडेसहाला लॅब मी उघडते. गारखेड्यात एका औषधाच्या दुकानाच्या वर आमची लॅब आहे. उपाशीपोटी रक्त द्यायला येणारी माणसं सातच्या आधीच जिन्यावर येऊन बसतात, म्हणून अर्ध्या तासात मला सगळं आवरावं लागतं. नमुन्यांच्या फ्रिजचं तापमान वहीत लिहायचं, कॉम्प्युटर चालू करायचा, सुया आणि कापसाचे बोळे मांडून ठेवायचे आणि शेवटी मागच्या खोलीतला माठ भरायचा. अकरा वर्षं मी हेच करते आहे. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं, पण दीपमालाताईंच्या हातून चूक होत नाही, असं आमचे सर आल्यागेल्याला सांगायचे.

मे महिन्यातल्या त्या गुरुवारी मी मागच्या खोलीत गेले, तर माठ भरलेला होता.

अगदी काठापर्यंत. भोवती ओलं फडकं गुंडाळलेलं, वर झाकण, झाकणावर पालथा पेला. शेजारी विकतच्या पाण्याचा जार होता, त्यात आदल्या दुपारी उरलं होतं तेवढंच पाणी होतं. नळ येऊन पाच दिवस झाले होते आणि पुढचा यायला आणखी तीन दिवस होते. जारवाला आठच्या आधी कधी येत नाही.

झाडलोट करणाऱ्या भागूबाई सातला आल्या. दुसरी किल्ली त्यांच्याकडे असते.

"भागूबाई, माठ तुम्ही भरला का?"

"मी कशाला भरू? माझ्याच घरी नऊ दिसाला नळ येतोय. भरायला पाणी असतं तर माझ्या घरी नसतं का नेलं?"

"किल्ली तुमच्याकडं आहे म्हणून विचारलं."

"किल्ली हाय, पाणी नाय," त्या म्हणाल्या आणि झाडू घेऊन पुढं गेल्या.

मी पेलाभर पाणी घेऊन वास घेतला. वास नव्हता. जिभेला लावलं तर खारवट लागलं, खोल बोअरच्या पाण्यासारखं. थुंकून टाकलं आणि माठ मोरीत ओतला. आमच्या शहरात पाणी ओतून द्यायचं म्हणजे जिवावर येतं, पण ओतला. नव्या जागेत राहायला आलेली बाई पहिल्या सकाळी उठून आधी पाणी भरते. हे माझ्या मनात तेव्हाच येऊन गेलं होतं. मी ते झटकून टाकलं, कारण जिन्यावर माणसं खोळंबली होती.

२

त्याच्या आधी काय झालं होतं ते सांगते.

आमचे सर, डॉक्टर ऋतुराज, यांनी एक चांगलं काम अंगावर घेतलं होतं. कुठं कोणता साथीचा रोग दिसतो आहे ते सरकारला वेळेत कळावं, म्हणून दर सोमवारी आठवड्याचा तक्ता ऑनलाइन पाठवायचा. आमच्यासारख्या खाजगी लॅबवर त्याची सक्ती नव्हती. सरांनी स्वतःहून नाव दिलं होतं आणि त्याबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र बाकड्याच्या वर चौकटीत लावलं होतं. तक्ता मी भरायचे. नाव, वय, तपासणी, निकाल, पत्ता. बहुतेक सोमवारी शून्य असायचं, मधूनच एखादा टायफॉइड.

एप्रिलच्या शेवटी शहराबाहेर करमाडजवळच्या खोल्यांमधून दोन दिवसांत पाच जणांचे जुलाबाचे नमुने आले. कंपनीतल्या कामगारांसाठी कुणी तरी शेतात पत्र्याच्या खोल्यांची रांग बांधली होती आणि सगळ्या रांगेला एक बोअर होता. आमचा टेक्निशियन अतुल याने ते नमुने जंतू वाढवायच्या हिरव्या प्लेटांवर पसरून ठेवले. दुसऱ्या दिवशी त्याने मला हाक मारली.

"ताई, या बघायला. फुलं आलीत."

हिरव्यावर पिवळे चमकदार ठिपके. पाचही प्लेटांवर.

"काय आहे?"

"कॉलरा. पुस्तकात असतो तसाच. मी नोकरीला लागल्यापासून पहिल्यांदाच बघतोय."

रिपोर्ट न्यायला पारूबाई नावाची बाई स्वतः आली. साठीची असेल. पाचांत तिचा एक नमुना होता, एक नवऱ्याचा, साहेबरावांचा, आणि एक मुलाचा, बन्सीचा. भिंतीला धरून उभी होती. रक्त काढून मी कोपरात चिकटपट्टीने लावलेला कापसाचा बोळा अजून तसाच होता.

"ह्या कागदाचं काय करायचं?"

"डॉक्टरांना दाखवा. औषधं चालू ठेवा. साखर-मिठाचं पाणी घेत राहा."

"ते करतोच. पण पाण्याचं काय, माय? समदे तेच पाणी पितेत. तीस-चाळीस माणूस हाय तिथं, लेकरंबाळं हायती. मालकाला सांगितलं तर म्हनतो, तुमचंच पोट नाजूक. सरकारचा माणूस येऊन बघून जाईल का?"

"येईल," मी म्हणाले. "सोमवारी मी कळवते. ते माझंच काम आहे."

"तुझ्या शब्दावर जाते बघ," ती म्हणाली आणि एकेक पायरी धरत खाली उतरली.

३

सोमवारी मी तक्ता भरायला घेतला तेव्हा सर माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"करमाडचे पाच राहू द्या, ताई."

"का, सर?"

"त्या खोल्या पुंजारामदादांच्या आहेत." पुंजारामदादा म्हणजे सरांचे सासरे. "उद्या पथक जाईल, बोअरला सील ठोकेल, पेपरात येईल. कंपनीबरोबर नुकतं ठरलंय त्यांचं. आणि आपल्यावर सक्ती कुठं आहे? आपण आपल्या मर्जीनं पाठवतो."

"मी त्या बाईला शब्द दिलाय, सर."

"मग दादांना मी सांगतो क्लोरीन टाकायला. झालं?"

दादांनी क्लोरीन टाकलं नाही, हे नंतर कळलं. त्या वेळी मी सरांशी भांडले नाही. भांडायचा माझा स्वभावच नाही. पण शून्य लिहायलाही हात होईना. मी म्हणाले, "सर, आकडा तरी जाऊ द्या. पाच म्हणजे पाच."

"आणि पत्ता?"

आता जे मी म्हणाले ते माझंच होतं, सरांचं नव्हतं. आमच्याकडं पत्ता न सांगणारे पुष्कळ येतात. कॉम्प्युटर रिकामा रकाना पुढं जाऊ देत नाही, म्हणून अशा वेळी आम्ही लॅबचाच पत्ता टाकून देतो. कुणाचं काही बिघडत नाही. मी म्हणाले, "पत्ता आपला टाकते."

सर हसले. "म्हणून तर तुम्ही मला लागता, ताई."

पाच नावं खरी, पाच वयं खरी, पाच निकाल खरे. पत्त्याच्या रकान्यात पाच वेळा आमची लॅब. आपण खोटं काही लिहिलं नाही, अशा समाधानात मी त्या दिवशी घरी गेले.

बुधवारी आरोग्य खात्याची दोन माणसं आली, पण आमच्या गल्लीत. नळाचं पाणी बाटलीत घेतलं, चार घरी गोळ्या वाटल्या. सरांनी त्यांना चहा पाजला, मजूर होते, गावी निघून गेले म्हणून सांगितलं. करमाडला कुणी गेलं नाही. जायचं कारणच कागदावर नव्हतं.

दोन आठवड्यांनी बन्सीची बायको मेघा रिपोर्टची दुसरी प्रत मागायला आली. कडेवर वर्षाची मुलगी होती. तिच्याकडून कळलं, साहेबराव आधी गेले, चार दिवसांनी बन्सी, आणि आदल्या रविवारी पारूबाई. पाचांतली उरलेली दोघं वाचली होती.

"सासूबाई शेवटपर्यंत म्हनत व्हत्या," ती म्हणाली, "ती लॅबवाली बाई कळवते म्हनली हाय. येतील."

तिनं टोमणा मारला नव्हता. तसा मारला असता तर बरं झालं असतं. मी तिला प्रती दिल्या, माझा नंबर लिहून दिला आणि पाणी उकळून पी, एवढं सांगितलं.

तो बुधवार होता. माठ दुसऱ्या दिवशी भरला.

४

शुक्रवारी भरला, शनिवारी भरला. मी रोज ओतत होते. भागूबाईंकडची किल्ली मी मागून घेतली. रविवारी दुपारी निघताना माठ कोरडा करून पालथा घातला, फडकं वाळत टाकलं. सोमवारी सकाळी माठ सुलटा, भरलेला, फडकं ओलं. झाकणाजवळ आता पेले तीन होते. आमच्याकडं मुळात दोनच आहेत.

मी फ्रिजच्या मागे वाकून बघितलं, पाइप गळतो का म्हणून. पाइप कोरडा होता. पण त्या कोपऱ्यातली फरशी स्वच्छ पुसलेली होती. बाकी खोलीत कालची धूळ आणि तेवढाच तुकडा लख्ख. तीन माणसं अंग टाकतील एवढा.

अतुलला दाखवलं. तो आधी हसला.

"बरं आहे की, ताई. फुकटात मावशी मिळाली. पगार मागत नाही तोवर काढू नका."

"चेष्टा नको. पाणी तपास."

"तपासतो. नाही तरी तुम्ही मला सुखानं डबा खाऊ देणार नाही."

त्याने माठातलं पाणी हिरव्या प्लेटवर घातलं. बुधवारी सकाळी मी आले तेव्हा तो माझ्या आधी आलेला होता आणि प्लेट हातात घेऊन खिडकीशी उभा होता. त्याने ती नुसती माझ्यापुढं धरली. ठिपके मोजता येत नव्हते, सगळी प्लेटच पिवळी झाली होती.

"जारवाल्याकडून आलं असेल," मी म्हणाले.

"जारचंही लावलं होतं. त्यात काही नाही." त्याने प्लेट झाकली. "ताई, मागच्या खोलीत कुणी असतं का?"

"कुणी म्हणजे?"

"काल मी एकटा होतो. कुणी तरी बसता बसता 'आई गं' म्हणालं. म्हातारं माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसतं ना, तसं."

त्या दिवसापासून तो डबा खाली दुकानाच्या पायरीवर बसून खाऊ लागला. सरांना मी प्लेट दाखवली. ते म्हणाले, जारवाला बदला. सरांना आल्या आल्या पाणी लागायचं. मी त्यांच्यासाठी सीलबंद बाटल्या आणून ठेवल्या.

५

त्याच दुपारी लॅबचा फोन वाजला. आरोग्य खात्यातून कुणी मुलगी बोलत होती. नोंदवलेल्या रुग्णांची तीन आठवड्यांनी चौकशी करायची असते, त्यासाठी.

"पारूबाई, साहेबराव, बन्सी. पत्ता हाच आहे ना, मॅडम? मी कालही फोन केला होता."

"काल किती वाजता?"

"सकाळी सहाला. चुकून लवकर लागला, पण उचलला त्यांनी."

सकाळी सहाला लॅबला कुलूप असतं.

"कुणी उचलला?"

"आजी होत्या. तब्येत विचारली तर म्हणाल्या, आता काही त्रास नाही, तिघंही इथंच आहोत." ती मुलगी घाईनं पुढं बोलू लागली. चुकीचं काही बोललो की काय, असं तिला वाटलं असावं. "मी म्हटलं, गावी कधी जाणार? तर म्हणाल्या, डॉक्टरांची वाट बघतोय. त्यांचं झालं की जाऊ. मी 'बरे झाले' असं लिहू का?"

नंतर फोन करा, एवढंच मी म्हणाले. फोन ठेवला तेव्हा माझा तळहात ओला होता. फोनही ओला होता, पण तो मी धरला होता म्हणून असेल.

त्या रात्री घरी मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. कुणी तरी चेष्टा करत असेल. अतुलच करत असेल. मेघाच्या नात्यातलं कुणी असेल, किल्ली करून घेतली असेल, मनात राग असेल. राग असणं साहजिक होतं. वाद घालता घालता माझ्या लक्षात आलं की मला त्यांची भीती कमी वाटते आहे. पाच वेळा तो पत्ता मी लिहिला होता. कुणाला आपला पत्ता द्यायचा आणि तो दारात आल्यावर दचकायचं, हे काही बरोबर नाही. मला भीती वाटत होती ती त्या "डॉक्टरांचं झालं की" या शब्दांची, आणि ती भीतीसुद्धा पुरती भीती नव्हती.

६

गुरुवारी सकाळी सव्वासातला मेघाचा फोन आला.

"ताई, पोरीला लागलंय. रातीपासून. पांढरं पाणी."

"दवाखान्यात नेलंस का?"

"आत्ता नेतेय. बाजूच्या खोलीत आनखी दोघांना लागलंय. मी पाणी उकळतेय, पर समद्यांकडं गॅस नाय. बोअर बंद करायला सांगा ना कुणाला तरी."

मी तिथल्या सरकारी दवाखान्यात फोन लावला. एका मॅडमनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही म्हणता ते पाच तर कागदावर गारखेड्यात आहेत. करमाडला एकही नाही. तुमच्या डॉक्टरांकडून दुरुस्ती पाठवा, मी तासाभरात माणूस पाठवते. नुसत्या फोनवर कुणाच्या मालकीचा बोअर कसा बंद करू?"

एकदा पाठवलेला तक्ता दुरुस्त करायचा तर सरांच्या मोबाइलवर नंबर येतो, तो टाकावा लागतो. सर नऊला आले. मी खुर्चीतून उठून उभी राहिले.

"सर, ते पाच पत्ते दुरुस्त करू या. आज लेकराला लागलंय."

"कुणाच्या?"

"बन्सीच्या. तो गेला त्याच्या."

सर बाकड्यावर बसले, मोबाइल काढला, त्यात बघत राहिले. "ताई, आता दुरुस्ती केली तर पहिला प्रश्न येईल की आधी चुकीचं का लिहिलं. एन्ट्री कुणाच्या नावानं आहे? तुमच्या. मी तुम्हाला वाचवतोय."

"मला नका वाचवू."

"सोमवारी बघू."

"सोमवारपर्यंत? सर, ती एक वर्षाची आहे."

"सोमवारी बघू म्हटलं ना. ताई, पाणी."

मी टेबलाच्या खणातून सीलबंद बाटली काढायला वाकले.

७

वर बघितलं तेव्हा त्यांच्यासमोर पेला आलेला होता.

मागच्या खोलीचा पडदा अर्धा सरकलेला होता आणि त्यातून एक हात बाहेर आला होता. फक्त कोपरापर्यंत. कातडी सुरकुतून बोटांना चिकटलेली, खूप वेळ पाण्यात राहिलेल्या हातासारखी. मनगटात हिरव्या बांगड्या, त्या सैल होऊन खाली घसरल्या होत्या. कोपराच्या खळग्यात कापसाचा बोळा, चिकटपट्टीने लावलेला. चिकटपट्टी मी नेहमी तिरकी लावते. ती तिरकी होती.

पेला स्थिर होता. त्यातलं पाणी जरासुद्धा हललं नाही.

सर मोबाइलमध्ये बघत होते. त्यांनी न बघता हात पुढं केला.

तेवढ्यात मला बोलायला वेळ होता. मी पुन्हा पुन्हा मोजून बघितलं आहे. "सर" एवढं म्हणायला वेळ होता, "नको" म्हणायलाही होता. बाटली माझ्या हातात होती. बाकड्यावर बसलेल्या दोन पेशंटना काही दिसलं नसावं, त्यांतली एक तर जांभई देत होती. मी त्या हाताकडं बघितलं. मला वाटलं, हात माझ्या उत्तरासाठी थांबला आहे.

मी बाटली खणात परत ठेवली.

सरांनी पेला रिकामा केला. "थंड आहे छान," ते म्हणाले आणि पेला बाजूला धरला. तो कुणी तरी घेतला. पडदा सरळ झाला.

८

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सर जिना चढून आले ते कठड्याला धरून. डोळे खोल गेले होते. रात्रभर घरीच सलाइन लावून घेतलं होतं, कुणाला सांगितलं नव्हतं. बाहेर कुठं तपासणी नको म्हणाले, आपल्याच लॅबमध्ये करायची. नमुना दिला आणि रक्त काढायच्या कॉटवर आडवे झाले.

अतुलने एक थेंब काचपट्टीवर घेऊन बघितला. तो माझ्याकडं वळला. "तेच आहे. मी गाडी आणतो," म्हणाला आणि खाली पळाला. पेशंट मी परत पाठवले होते. लॅबमध्ये आम्ही दोघं होतो. मागच्या खोलीत कुणी तरी हळूहळू भांडी गोळा करत होतं, निघायच्या तयारीत असल्यासारखं.

मी कॉम्प्युटरसमोर बसले आणि दुरुस्तीचं पान उघडलं. टेबलावर सरांचा मोबाइल उजळला. त्यावर सहा आकडे आले. मी ते टाकले.

"काय करताय, ताई?"

"तक्ता भरते आहे, सर."

"आज सोमवार नाही."

"नाही."

पारूबाई. पत्ता खोडला, करमाडच्या खोल्या, शेवटची खोली असं लिहिलं. साहेबराव, तीच. बन्सी, तीच. राहिलेली दोघं, त्यांच्या त्यांच्या खोल्या. पाठवा. मागच्या खोलीतला आवाज थांबला. कुणी तरी माझ्या खुर्चीच्या मागून गेलं, तिघं होते, तिसऱ्याचं पाऊल जड होतं. मी मागे वळून बघितलं नाही. जिन्याचं दार आपोआप मिटतं तसं मिटलं.

"पाणी द्या जरा," सर म्हणाले.

"देते, सर. एक नोंद राहिली आहे."

नवीन ओळ उघडली. नाव, ऋतुराज. वय, एकोणपन्नास. तपासणी, कॉलरा. निकाल, संशयित. सरांना ते कळलं. त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला.

"नाव टाकू नका."

"नाव खरं टाकावं लागतं, सर."

"मग पत्ता तरी. घरचा टाकू नका, ताई. सगळी सोसायटी तोंडात शेण घालेल. दुसरा कुठलाही टाका."

"कुठलाही चालेल?"

"चालेल."

मी त्यांना पुन्हा विचारलं. मला नीट विचारून घ्यायची सवय आहे. त्यांनी पुन्हा हो म्हटलं. मग मी विचार केला की हा रोग त्यांना कुठल्या पाण्यातून आला, आणि जे खरं होतं ते रकान्यात लिहिलं. करमाडच्या खोल्या, शेवटची खोली. पाठवा म्हणून बटण दाबलं, उठले, आणि बाटली उघडून त्यांच्या ओठाला लावली.

९

सर शनिवारी पहाटे गेले. मोठ्या दवाखान्यात, सगळी औषधं चालू असताना. तिथल्या डॉक्टरांना नवल वाटलं, असं अतुल म्हणाला. त्याने मला आणखी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. सोमवारी लॅबचा माठ कोरडा होता, तळाला पांढरा खार दिसत होता. त्याला तडा गेला होता. मी तो खाली नेऊन ठेवला.

शुक्रवारीच दुपारी करमाडला पथक पोचलं होतं. बोअरला सील लागलं, टँकर यायला लागले. बाजूच्या खोलीतली दोघं वाचली. मेघाची मुलगी वाचली. पंधरवड्यानंतर एका दुपारी मेघाचा फोन आला.

"पोरगी कशी आहे?" मी विचारलं.

"बरी हाय. रांगते. ताई, एक विचारायचं व्हतं. मी आता पुढल्या खोलीत राहते, बहिणीपाशी. आमची शेवटची खोली मोकळीच हाय. पर आत कुणी तरी आलंय राहायला."

"कधीपासून?"

"शनवारपासून म्हनतेत. दार लावलेलं हाय, पर बोलनं ऐकू येतं. एक शिकलेला माणूस हाय. सारखा म्हनतो, पत्ता चुकलाय, दुरुस्त करा. लई विनवण्या करतो. रडतो बी."

"आणि?"

मागे टँकरचा आवाज येत होता, बायका पाण्यासाठी एकमेकींना हाका मारत होत्या.

"आणि सासूबाईंचा आवाज येतो," ती म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. "त्या त्याला पाणी पाजतेत, ताई. बस म्हनला तरी पाजतेत. काय करू? उघडून बघू का?"

"कडी बाहेरून आहे का?"

"व्हय. मीच लावलीय."

"मग राहू दे," मी म्हणाले.